नागपूर चाळ ते नागपूर

पुण्यात येरवड्याला नागपूर चाळ नावाची वस्ती आहे. आम्ही तिथले रहिवासी. नवख्या माणसाला पत्ता सांगताना 'नागपूर चाळ, पुणे' असे म्हटले की तो हमखास दोनदा विचारतो. वस्तीपासून लोहगावचा विमानतळ रिक्षाने पंधरा मिनिटांवर. दिवसभर डोक्यावरून विमाने जातात. लोहगाव हा मूळचा हवाई दलाचा तळ, त्यामुळे प्रवासी विमानांच्या जोडीला लढाऊ विमानांचा गडगडाटही वाट्याला येतो. पोरे मोठ्याने वाचत बसलेली असली की विमान गेले तेवढा वेळ थांबतात आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात. इतकी जवळीक असूनही फेब्रुवारी २०२५ पर्यंत आम्ही त्या विमानतळाच्या आत पाऊल टाकले नव्हते. आमची सासुरवाडी मात्र खरोखरच्या नागपुरातली, इंदोऱ्यातली. लग्नाला वीस वर्षे झाली, तेव्हापासून पुणे-नागपूर हा प्रवास आम्ही आगगाडीनेच करत आलो. शयनयानाचे तिकीट, पोळ्यांचा डबा, पाण्याची कळशी (पुढे बाटली) आणि पंधरा-सोळा तासांची बैठक.

त्या महिन्यातल्या एका रात्री दीड वाजता फोन वाजला. रात्री दीडला फोन आला की माणूस तो उचलण्याआधीच निम्मे समजतो. मेव्हण्याचा आवाज. सासरे गेले होते. वय ऐंशीच्या पुढे, आजार महिनाभराचा. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी चार वाजता ठरला. "भाऊजी, ताईला घेऊन या, चारच्या पुढे ठेवता येणार नाही," एवढेच तो म्हणाला.

आमच्या सौ. त्यांच्या सर्वांत धाकट्या. त्यांनी रडणे थांबवून पहिला प्रश्न विचारला तो असा, "आपण पोचू का?"

आम्ही कारकुनी पेशाचे, शिक्षण बी.कॉम.चे. दुःखातही आधी आकडे मांडायची सवय. संध्याकाळच्या नागपूरकडच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. ट्रॅव्हल्सच्या बसही संध्याकाळीच सुटतात. भाड्याची मोटार केली तर रस्ता सातशे किलोमीटरच्या वर. छत्रपती संभाजीनगरपर्यंत जुना रस्ता आणि तिथून पुढे समृद्धी महामार्ग, म्हणजे दहा-अकरा तास. शेजारच्या गाडीवाल्याला उठवले. तो वीस हजार म्हणाला, आणि रात्रभराचा ड्रायव्हर दोन वाजता मिळत नाही असेही म्हणाला. तेवढ्यात आमच्या मुलीने मोबाइलवर विमान शोधले. सकाळी ९ वाजून ४० मिनिटांचे. वेळ एक तास पंचवीस मिनिटे. दर माणशी आठ हजार चारशे. तिची बारावीची परीक्षा चालू होती, म्हणून तिला आमच्या आईजवळ ठेवायचे ठरले. दोघांचे सोळा हजार आठशे. ऐनवेळी काढलेले तिकीट असेच महाग पडते, हेच महिनाभर आधी काढले असते तर निम्म्याहून कमी पडले असते. पण मरण महिनाभर आधी कळवून येत नाही. मुलीच्या पुढच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून ते तिकीट निघाले.

'एक तास पंचवीस मिनिटे' हे शब्द वाचून सौ. थोड्या शांत झाल्या. "म्हणजे अकराला आपण तिथे," त्या म्हणाल्या. आम्हीही तसेच समजलो होतो.

पुढे जे कळले ते वाचकांनाही उपयोगी पडावे म्हणून इथे लिहितो.

पुणे आणि नागपूर या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ६०५ किलोमीटर भरते. विमानवाले ते सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा त्यांच्या हिशेबाने सुमारे ३२६. आगगाडीचे अंतर पावणेनऊशेच्या वर जाते, कारण गाडी आधी दौंड, अहिल्यानगर, कोपरगाव करत उत्तरेला मनमाडला जाते आणि तिथून भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा पूर्वेचा रस्ता धरते. एकाच दोन गावांमधली ही तीन अंतरे आहेत. हवेतून सहाशे, रस्त्याने सातशे आणि रुळावरून पावणेनऊशे.

आता वेळेचे पाहू. जेट विमान उंचीवर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जाते. त्या हिशेबाने ६०५ किलोमीटरला पाऊण तास पुरा. मग तिकिटावर एक पंचवीस का? कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलते तिथपासून ते दुसरीकडे जागेवर उभे राहते तिथपर्यंत धरलेली असते. धावपट्टीच्या टोकापर्यंत सरपटत जाणे, नंबर लागेपर्यंत थांबणे, चढणे, उतरणे, रांगेत येणे हे सगळे त्यात येते. एवढ्या जवळच्या प्रवासात विमान पुरते उंचीवर जाऊन स्थिर होते न होते तोच उतरायला लागते. हिवाळ्यात वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून नागपूरला जाताना ते पाठीवर येतात आणि परतताना तोंडावर. त्यामुळे जाण्यापेक्षा येण्याला काही मिनिटे जास्त लागतात.

पण या हिशेबात घरापासून विमानापर्यंतचा वेळ कुठेच नसतो. सामान द्यायची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. त्याच्याही आधी दारावर ओळखपत्र दाखवायचे आणि तपासणीच्या रांगेतून जायचे असते. म्हणून दोन तास आधी जा, असे जाणकार सांगतात. आमच्याजवळ एक पिशवी होती. सौं.ची पांढरी साडी, एक चादर आणि मुलीने बांधून दिलेल्या चपात्या. सव्वासातला घर सोडले आणि साडेसातला आम्ही दारात हजर होतो.

लोहगावची ही नवी इमारत जुलै २०२४ मध्ये चालू झाली. आत काच, झगझगाट आणि चहाचा भाव असा की विचारून परत फिरावे. सौं.नी पायातल्या चपलेकडे पाहिले आणि पदर सावरला. आम्हीही शर्टाची इस्त्री पाहिली, खोटे कशाला बोला. तपासणीवरच्या मुलीने मात्र "काकू, इकडून या" असे मायेने म्हटले. सौं.चे डोळे पाहून तिला काय ते समजले असावे.

नऊ वाजता फलकावर अक्षरे बदलली. विमान अकरा वाजून वीस मिनिटांनी सुटेल. कारण काय, तर दुसऱ्या शहरातून यायचे ते विमानच अजून आलेले नाही. एकच विमान दिवसभर चार-पाच गावांच्या फेऱ्या करते. सकाळी एका गावी खोळंबले की तो उशीर पुढच्या सगळ्यांच्या पानात वाढला जातो. आम्ही खिडकीवर गेलो आणि अंत्यविधीला जायचे आहे असे सांगितले. तिथला मुलगा नम्र होता, पण त्याच्या हातात काही नव्हते. उशीर दोन तासांचा झाला तर एवढ्या प्रवासात प्रवाशांना खायला द्यावे लागते असा विमान वाहतुकीचा नियम आहे. आमचा उशीर एक तास चाळीस मिनिटांचा ठरला. आमच्या कचेरीतही नियमाची रेषा अशीच नेमकी पाळली जाते, म्हणून आम्हाला नवल वाटले नाही.

त्या खुर्च्यांवर बसून सौ. वडिलांविषयी बोलत राहिल्या. सासरे एम्प्रेस मिलचे कामगार. १८७७ साली चालू झालेली ती मिल २००२ मध्ये बंद झाली तोवर ते तिथेच. तेरा वर्षांचे असताना, १४ ऑक्टोबर १९५६ ला, ते आपल्या वडिलांचा हात धरून दीक्षेला गेले होते, ही गोष्ट त्यांनी प्रत्येक नातवंडाला सांगितलेली. बाबासाहेब दिल्लीहून ११ ऑक्टोबरला विमानाने नागपुरात उतरले आणि सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात राहिले, हेही ते तारखेसकट सांगत. सोनेगावच्या त्या विमानतळाला २००५ साली बाबासाहेबांचे नाव मिळाले, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते.

त्यांची दुसरी आवडती गोष्ट रात्रीच्या टपाल विमानांची. १९४९ साली सरकारने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत, आपापसात टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. देशाच्या मधोमध असलेले गाव म्हणून हा मान नागपूरला मिळाला. इंग्रजांच्या मोजणी खात्याने झिरो माईलचा दगडही याच गावात उभारला आणि त्यावर हैदराबाद, जबलपूर, रायपूर अशा गावांची अंतरे मैलांत कोरली. सासरे लहानपणी अंगणात निजले असता सोनेगावकडून विमानांची घरघर ऐकत आणि वडिलांना विचारत, "हे सगळे रात्रीच का येतात?"

ते स्वतः विमानात कधी बसले नाहीत. २०२३ च्या दिवाळीत गमतीने म्हणाले होते, "जावईबापू, तुमच्या चाळीवरून जाते म्हणता ते विमान, एकदा मले त्याच्यात बसवून पुण्याले न्या." आम्ही म्हटले होते, पुढच्या दिवाळीनंतर. पुढच्या दिवाळीनंतर घराच्या गळतीचे काम निघाले. सौ. यावर काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही बोललो नाही.

अकरा वीसला विमान हलले, बत्तीसला चाके सुटली. सौ. मधल्या वाटेच्या बाजूला बसल्या, डोळे मिटून. खिडकी आमच्याकडे. ज्या छपरांखाली आम्ही विमानांचा आवाज ऐकतो ती कुठे दिसतात का म्हणून पाहिले, पण वरून सगळे पत्रे सारखेच.

घरी परतल्यावर आम्ही मुलीचा शालेय नकाशा उघडला, दोन गावांवर पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. विमान अगदी याच रेघेवरून गेले असेल असे नाही, त्यांचे मार्ग ठरलेले असतात. पण अदमास येतो. रेघ अहिल्यानगरच्या जरा दक्षिणेवरून जाते, पैठणच्या खाली गोदावरी ओलांडते, बीड आणि जालना यांच्या मधून निघते, वाशीमच्या जवळजवळ डोक्यावर येते आणि मग यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडून, दारव्हा उजव्या हाताला ठेवून, वर्ध्याच्या बाजूने नागपुरात शिरते. दारव्ह्याचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

बारा अडतीसला चाके टेकली. हवेत काढलेला वेळ सहासष्ट मिनिटे. बारा चव्वेचाळीसला विमान जागेवर उभे राहिले. म्हणजे तिकिटावरची एक तास पंचवीस मिनिटांची वेळ विमानाने एक मिनिट राखून पाळली. उशीर झाला तो निघायला. त्या एक मिनिटाचे श्रेय आम्ही कंपनीला देतो, हिशेब तो हिशेब.

बाहेर आलो तेव्हा दाराशी रिक्षावाले पाचशे म्हणत होते. मेव्हण्याच्या मुलाने फोनवर मेट्रो सुचवली. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी चालू झाली आणि डिसेंबर २०२२ पासून हीच गाडी न बदलता इंदोरा चौकापर्यंत जाते. वर्धा रोडवरच्या स्थानकापर्यंत पायी गेलो. गाडी उंचावरून, त्यामुळे शहर दिसत होते. अजनी चौक, रहाटे कॉलनी. दीक्षाभूमी जिथून जवळ त्या बाजूला सौ. मान वळवून पाहत राहिल्या. पुढे सीताबर्डी, मग झिरो माईल. सासऱ्यांच्या दोन्ही गोष्टींचे नागपूर पस्तीस मिनिटांत खिडकीतून निघून गेले. दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही दारात उभे होतो.

घरापासून घरापर्यंत सहा तास पंचावन्न मिनिटे. ६०५ किलोमीटरला भागिले, ताशी सत्याऐंशीच्या आसपास. आठशेचे विमान आमच्यापुरते एखाद्या चांगल्या एक्सप्रेस गाडीएवढे झाले. तरी पोचलो. सौं.ना वडिलांचा चेहरा पाहता आला, पायांवर डोके ठेवता आले. त्या घटकेला सोळा हजार आठशे रुपये आमच्या ध्यानातही नव्हते.

चार वाजले. भन्तेजी आले होते, शेजारीपाजारी जमले होते. पण कुणी उठेना. सासऱ्यांची धाकटी बहीण, सौं.च्या आत्याबाई, अजून आल्या नव्हत्या. आत्याबाई दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. नागपूरपासून रस्त्याने साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे आमच्या अंतराचा एक तृतीयांश. रात्री त्यांच्या घरचा फोन बंद होता, निरोप सकाळी सहाला मिळाला. गावातून सकाळी सुटणारी एकच गाडी, ती गेलेली. आठ वाजता निघून तीन किलोमीटर चालत फाट्यावर आल्या. तिथून मिळेल त्या वाहनाने दारव्हा, दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर. मेव्हणा म्हणाला, "बाबांनी आत्याबाईले लहानाची मोठी केली. तिच्याबिगर उचलायचे नाही."

सव्वाचारला रिक्षा येऊन थांबली. सत्तर वर्षांची बाई, हातात पिशवी, पायांवर फाट्यापर्यंतची धूळ. त्या उतरल्या आणि कुणाशी न बोलता सरळ आत गेल्या. पाच वाजता त्रिसरण-पंचशील होऊन आम्ही घाटाकडे निघालो.

रात्री बायका ओसरीत बसल्या होत्या तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे वेळा जुळवल्या. आठ ते सव्वाचार म्हणजे सव्वाआठ तास. ताशी चोवीस किलोमीटर. एस.टी.त बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे पैशाने प्रवास हलका गेला. पण अर्ध्या तिकिटाने वेळ अर्धा होत नाही. आमचे विमान बारा-सव्वाबाराच्या सुमारास त्या मुलखावरून गेले असेल. त्या वेळी आत्याबाई यवतमाळच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. वर्तमानपत्रात नवे विमान सुरू झाल्याची बातमी येते तेव्हा 'अमुक शहर आता तमुक मिनिटांवर' असे मोठ्या अक्षरात छापतात. फाट्यावरून गावात जायला किती मिनिटे, ते कुणी छापत नाही. २०१७ पासून उडान योजनेखाली काही ठरावीक मार्गांवर विमानातल्या काही जागांचे भाडे बांधून दिलेले असते, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास अशी ती कल्पना होती. चांगली गोष्ट आहे. फाट्यापासून गावापर्यंतच्या तीन किलोमीटरसाठी अशी योजना आमच्या वाचनात आली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून आम्ही आगगाडीने परतलो, शयनयानाने, पंधरा तासांवर. ऑगस्ट २०२५ पासून अजनी ते पुणे वंदे भारत गाडी चालू झाली आहे, ८८१ किलोमीटर आणि सुमारे बारा तास, सगळा प्रवास बसून. घाई नसेल तर आमच्यासारख्यांनी घरातून निघण्याची वेळ धरूनच तिन्हींचा हिशेब करावा. घाई असेल आणि पैसा उभा राहत असेल तर विमानाला तोड नाही, हे आम्ही नाकारणार नाही. फक्त जवळच्या माणसाला 'अकराला पोचतो' असे सांगू नये.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगायची राहिली. आत्याबाईंनी सौं.ना जवळ घेतले आणि विचारले, "पोरी, इमानातून आमचं गाव दिसलं का वं तुले?"

सौं.नी सबंध वाटेत डोळे उघडले नव्हते, आणि खिडकीही त्यांच्याकडे नव्हती. त्या म्हणाल्या, "दिसलं आत्याबाई. तुमचं घर पण दिसलं."

आत्याबाईंनी मान डोलावली. हरभरा काढायला आला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या गाडीने त्या परत गेल्या.